थंडाव्याचा हिशेब

एप्रिल २०२४मधील एका दुपारी आमच्या गच्चीवर एक बारीकसा फूत्कार ऐकू आला. सोळा वर्षे इमानेइतबारे चाललेले वातानुकूलन यंत्र काढण्यासाठी कारागीर आला होता. त्याने बाहेरच्या पेटीच्या तांब्याच्या नळीवर पाना लावला, अर्धा वेढा सैल केला आणि तो निवांत सावलीत जाऊन बसला. नळीतून सूंऽऽ असा आवाज येत राहिला. पाच-सहा मिनिटे तो चालला असेल. मी विचारले, “हे काय?” त्याने कपाळावरचा घाम पुसत उत्तर दिले, “गॅस आहे भाऊ. हवाच ती, हवेतच जाणार.”

नागपुरातील एप्रिलची दुपार ही वाद घालण्याची वेळ नव्हे. मीही गप्प बसलो. मात्र पुढे कुतूहलाने थोडे वाचन केले, काही जाणकारांशी बोललो, विजेची जुनी देयके पसरून बसलो. आणि त्या पाच-सहा मिनिटांत आपल्या हातून नेमके काय घडले ते समजले. कला शाखेच्या पदवीधराला पदार्थविज्ञान तसे दुरूनच नमस्कार करण्याचे शास्त्र. तरीही घरगुती हिशेब म्हणून ते मांडता येते, आणि ते मांडले पाहिजे असे आता वाटते.

प्रथम, घरात हे यंत्र आले कसे ते सांगतो. २००८च्या उन्हाळ्यात वडील आजारी होते. आम्ही राहतो ते घर इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, आणि निजायच्या खोलीची भिंत पश्चिमेची. संध्याकाळी सात वाजता त्या भिंतीला हात लावला तर तवा आठवावा. कूलर होताच. विदर्भात कूलर नसलेले घर ते कोणते? कोरड्या उन्हाळ्यात ओल्या वाळ्यातून येणारी हवा जे सुख देते ते कोणतेही यंत्र देऊ शकत नाही, यावर आजही माझी श्रद्धा आहे. परंतु कूलरचे सारे सामर्थ्य हवेच्या कोरडेपणात असते. जूनमध्ये वळिवाची पहिली सर पडली की तोच कूलर घरात नुसता दमटपणा भरू लागतो. डॉक्टरांनी सुचवले आणि दीड टनाचे यंत्र घरात आले. त्यावर दोन तारे होते. त्यावेळी ताऱ्यांचा अर्थ आम्हाला कोणी सांगितला नाही, आम्हीही विचारला नाही.

वडील गेले. यंत्र राहिले. आता आई त्र्याऐंशी वर्षांची आहे, आणि तिच्यासाठी ते लागते.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, आपल्या वर्तुळात वातानुकूलन यंत्राचा विषय निघाला की लगेच एक ठरीव प्रवचन सुरू होते. आपले पूर्वज मातीच्या जाड भिंतींच्या वाड्यात राहत, वर माळद असे, मध्ये चौक असे, दारांना वाळ्याच्या ताट्या असत. त्यांना या पाश्चात्त्य खोक्यांची गरज नव्हती. यातील प्रत्येक वाक्य खरे आहे. वाड्यांच्या रचनेत हवेचे जे ज्ञान होते ते आपण बेदरकारपणे फेकून दिले हेही खरे. परंतु हे प्रवचन करणारे गृहस्थ स्वतः नऊ इंची भिंतीच्या सदनिकेत राहतात, खिडकीबाहेर तीन फुटांवर शेजारची इमारत असते आणि डोक्यावर सिमेंटची तापलेली गच्ची. त्या घरात त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला वाड्याच्या आठवणी सांगून झोप लागत नाही. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे २०२४च्या अखेरीस तर शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांचा आकडा दाखवून देशभर खळबळ उडवली. तो संवेदकाचा दोष असल्याचा खुलासा पुढे हवामान विभागाने केला. पण गंमत अशी की, तो आकडा ऐकून नागपूरकरांपैकी फारसे कोणी चकित झाले नव्हते!

तेव्हा गरज आहे, हे एकदा मान्य करू. मग प्रश्न उरतो तो यंत्र कसे असावे याचा.

या यंत्राचा जन्म, माझ्यासारख्या पत्रकाराला सुखावेल अशा ठिकाणी झाला. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगे, आकसे आणि रंग एकमेकांवर नीट बसत नसत. विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने हवेतील दमटपणा ताब्यात ठेवण्यासाठी जी योजना आखली, तेथून आधुनिक वातानुकूलन सुरू झाले. म्हणजे ती सोय माणसासाठी नव्हतीच, कागदासाठी होती. ‘टन’ हा शब्दही असाच बर्फाच्या व्यापारातून आला. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल तेवढी उष्णता खोलीबाहेर काढण्याची शक्ती म्हणजे एक टन. यंत्राच्या वजनाशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. पण दुकानात जाऊन पाहा, ‘खोली मोठी आहे सर, दोन टनाचेच घ्या’ असे सांगणाऱ्या विक्रेत्यालाही हे ठाऊक नसते. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली झटकन गार करून बंद पडते, दमटपणा मात्र पुरता काढत नाही, आणि पैसे दोन्हीकडून जातात.

जुन्या यंत्राचा स्वभाव एककल्ली होता. त्याचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण वेगाने धावे किंवा पूर्ण थांबे. रात्रभर ती घरघर आणि ती खट्कन शांतता. आज ज्याला इन्व्हर्टर यंत्र म्हणतात (घरातील बॅटरीच्या इन्व्हर्टरशी याचे नाते नाही, हा गैरसमज सार्वत्रिक आहे) त्याची रीत निराळी. आई पूर्वी पायाच्या शिलाई यंत्रावर बसे तेव्हा सरळ शिवणीला वेग वाढवी आणि गळ्याच्या वळणावर पाय हलका करी. तसे हे यंत्र खोली गार झाल्यावर पाय हलका करते. थांबत नाही, पण अगदी कमी विजेवर हळूहळू चालत राहते. बचतीचे मुख्य रहस्य एवढेच.

आता ताऱ्यांविषयी. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला, त्यातून २००२मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला आणि २००६पासून तारांकनाची योजना आली. सरकारी योजनांबद्दल आपण पत्रकार सहसा चांगले लिहीत नाही. पण ही योजना शांतपणे, फारसा गाजावाजा न करता यशस्वी झाली हे लिहिले पाहिजे. तिचे मर्म असे की, ताऱ्यांची पट्टी स्थिर नसते. ती वर सरकत जाते. २०१८ साली साडेचारच्या गुणांकाला पाच तारे मिळत. जुलै २०२२पासून त्यासाठी किमान पाच गुणांक लागू लागला, आणि आदल्या दिवशीचे पंचतारांकित यंत्र दुसऱ्या दिवशी चार ताऱ्यांचे झाले. हा गुणांक म्हणजे वर्षभरात खोलीतून बाहेर काढलेली उष्णता भागिले त्यासाठी खाल्लेली वीज. तो काढताना बाहेरचे तापमान २४ ते ४३ अंश आणि वर्षाचे १६०० तास धरले जातात. म्हणजे हे गणित आपल्या हवेचे आहे, युरोपातून उचललेले नाही. ‘पाच तारे आहेत’ एवढे ऐकून समाधान मानू नये, पट्टीवरचे वर्ष आणि गुणांक वाचावा. जुन्या साठ्यातील माल याच फटीतून खपवला जातो.

माझा स्वतःचा हिशेब पुढीलप्रमाणे. मे २०२३मध्ये जुन्या यंत्रासह घराचा एकूण वापर ५६८ युनिट होता. मे २०२४मध्ये, नव्या पाच ताऱ्यांच्या यंत्रासह, तो ३६१ झाला. २०२४चा मे आदल्या वर्षीपेक्षा कडक होता, आणि आईची खोली रोज रात्री नऊ तास गार ठेवली जात होती. तरी दोनशे युनिट वाचले. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांच्या पायऱ्यांनी चढतात, त्यामुळे वाचणारे युनिट हे नेहमी सर्वांत महाग पायरीवरचे असतात. उन्हाळ्याचे चार महिने मिळून सातशे युनिट आणि युनिटमागे ढोबळमानाने बारा रुपये धरले, तर वर्षाला साधारण ८,४०० रुपये. यंत्र बसवणुकीसह ४६ हजारांना पडले, जुन्याचे साडेतीन हजार वजा झाले. म्हणजे पाच वर्षांत पैसे फिटतील.

पाच वर्षे. हा आकडा मी मुद्दाम लपवत नाही, कारण जाहिराती ‘दोन वर्षांत वसूल’ असे सांगतात. ज्या घरी यंत्र वर्षातून पंधरा-वीस रात्रीच चालते त्यांनी जुने चांगले असेल तर ते तसेच राहू द्यावे, जाळी दर पंधरवड्याला धुवावी, खिडकीच्या फटी बुजवाव्यात आणि उरलेल्या पैशात गच्चीला पांढरा रंग लावावा. रोज आठ-दहा तास वापर असणाऱ्यांसाठीच बदल हा खरा व्यवहार आहे. तीन तारे की पाच तारे या प्रश्नाचेही तसेच. किमतीत सात-आठ हजारांचा फरक असतो. वापर बेताचा असेल तर तो निघायला चार-पाच वर्षे लागतात.

आणखी एक धोका घरातच असतो. नवे यंत्र आल्यावर महिनाभरात चिरंजिवांनी आपल्या मित्रांसमोर ते दुपारीही सुरू केले आणि तापमान वीसवर नेले. का, तर ‘बाबा, हे वीज खातच नाही!’ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाविषयी हेच लिहून ठेवले आहे की, इंजिने काटकसरी झाली म्हणून कोळसा कमी लागत नाही, उलट इंजिने वाढतात. जानेवारी २०२०पासून तारांकित यंत्रे चालू करताच २४ अंशांवर सुरू व्हावीत असा नियम आहे आणि प्रत्येक अंश वर नेल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ब्युरो सांगतो. आमच्याकडे आता २७ अंश आणि वर पंखा मंद, असा तह झाला आहे. आईला तेही कधीकधी गार वाटते आणि ती मध्यरात्री उठून यंत्र बंद करते. तिच्याइतकी कार्यक्षम व्यवस्था अद्याप कोणत्याही कंपनीने बनवलेली नाही.

आता त्या फूत्काराकडे वळतो. जुन्या यंत्रात आर-२२ नावाचा शीतक वायू होता. तो ओझोनच्या थरालाही घातक, आणि वातावरण तापवण्यात शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या १,८१० पट प्रभावी. दीड टनाच्या यंत्रात तो किलोभर तरी असतो. आपल्या ग्रिडची एक युनिट वीज बनवताना सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण तीन चतुर्थांशाच्या आसपास वीज अजून कोळशाची आहे. रात्री, जेव्हा ही यंत्रे चालतात आणि सूर्य नसतो, तेव्हा तर भार कोळशावरच येतो. गुणाकार करून पाहिला. गच्चीवर त्या पाच-सहा मिनिटांत जे गेले ते सुमारे अडीच हजार युनिट विजेच्या धुराइतके होते. नवे यंत्र साडेतीन वर्षांहून अधिक काळ जी बचत करणार होते ती सारी, त्याचे पहिले बटण दाबण्यापूर्वीच मी उधळून बसलो होतो.

आणि हे टाळणे मुळीच अवघड नव्हते. स्प्लिट यंत्र काढण्यापूर्वी ते चालू ठेवून एक झडप बंद केली की सारा वायू बाहेरच्या पेटीत गोळा होतो. मग दुसरी झडप बंद करायची. कारागिरांच्या भाषेत याला ‘पंप डाऊन’ म्हणतात. दहा मिनिटांचे काम. त्याला ते येत नव्हते असे नाही. पुढच्या खेपेस मी विचारले तेव्हा त्याने मोकळेपणाने सांगितले की, दिवसाला आठ यंत्रे बसवायची असतात, प्रत्येकी ठरावीक पैसे मिळतात, पंप डाऊनचे वेगळे कोणी देत नाही. मला त्याचा राग आला नाही. भर उन्हात गच्चीच्या कठड्यावर, कमरेला दोरही न बांधता, आठ घरे गार करून तो रात्री पत्र्याच्या छपराखाली झोपायला जातो.

धोरणाची खरी गफलत येथे आहे. मार्च २०१९मध्ये भारताने आपला शीतकरण कृती आराखडा जाहीर केला. देशातील जेमतेम आठ टक्के घरांत तेव्हा वातानुकूलन होते. २०३७-३८पर्यंत शीतकरणाची ऊर्जागरज २५ ते ४० टक्क्यांनी कमी करावी, असे उद्दिष्ट त्यात आहे आणि कारागिरांच्या प्रशिक्षणाचाही त्यात विचार आहे. मॉन्ट्रियल करारातील किगाली दुरुस्तीला भारताने २०२१मध्ये संमती दिली. त्यानुसार २०३२पासून हायड्रोफ्लुओरोकार्बन वायूंचा वापर उतरता ठेवायचा आहे. २०२२च्या ई-कचरा नियमांनी जुन्या यंत्रांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. कागदावर सारे नेटके आहे. पण दुकानदाराने ‘जुने द्या, नवे घ्या’ म्हणून जे साडेतीन हजार दिले, त्या व्यवहारात वायू गोळा झाल्याची एकही नोंद कोणी मागितली नाही. देयकावर असा रकानाच नव्हता. तो असला पाहिजे. अदलाबदलीची सवलत वायू परत मिळाल्याच्या नोंदीशी बांधा, कारागिराला त्या दहा मिनिटांचे दोनशे रुपये द्या, आणि पाहा तो पाना किती जपून लावतो ते.

करआकारणीचेही तसेच. वर्षानुवर्षे या यंत्रावर चैनीची वस्तू म्हणून २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५पासून तो १८ टक्के झाला, हे योग्यच. पण तो एका ताऱ्याच्या यंत्रालाही अठरा आणि पाच ताऱ्यांच्याही यंत्राला अठरा! वीज खाणाऱ्याला आणि वीज वाचवणाऱ्याला एकाच तराजूत तोलायचे असेल तर ताऱ्यांचा उपयोग खोक्यावरच्या शोभेपुरताच. एलईडी दिव्यांच्या बाबतीत हेच सरकार किती कल्पकतेने वागले होते! घाऊक खरेदीमुळे ३१० रुपयांचा दिवा ३८ रुपयांवर आला आणि ‘उजाला’ योजनेतून छत्तीस कोटींहून अधिक दिवे घरोघरी गेले. वातानुकूलनासाठी तसाच प्रयोग २०१९मध्ये ईईएसएल या सरकारी कंपनीने सुरू केला; त्याची दिव्यांसारखी चळवळ झाली नाही. यंत्र महाग, जड आणि बसवायला माणूस लागणारे, ही अडचण समजू शकते. पण प्रयत्न सोडण्याइतकी ती मोठी नव्हे.

या विषयातील एक सल मात्र वेगळी आहे. २०१८मध्ये भारताच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या सहभागाने ‘ग्लोबल कूलिंग प्राइझ’ ही जागतिक स्पर्धा जाहीर झाली. नेहमीच्या यंत्राच्या एकपंचमांश इतकाच ताप पृथ्वीला देणारे घरगुती यंत्र बनवा, असे आव्हान होते. अंतिम आठ नमुन्यांची चाचणी कोठे झाली? आपल्या डोंबिवलीजवळच्या पलावा वसाहतीत. अंतिम फेरीत गोदरेज हे आपले नाव होते. एप्रिल २०२१मध्ये निकाल लागला आणि पारितोषिक विभागून गेले जपानच्या डायकिन व चीनच्या ग्री यांच्या संघांना. हवा आपली, घाम आपला, आणि विजय त्यांचा.

हे रडगाणे म्हणून सांगत नाही. गोदरेजने २०१२ सालीच प्रोपेन वायूवर चालणारे यंत्र भारतीय बाजारात आणले होते. हाच प्रोपेन आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये ब्यूटेनबरोबर असतो. त्याचा ताप जवळजवळ नगण्य आहे. फक्त तो ज्वलनशील असल्याने कारागीर तयारीचा लागतो. म्हणजे पुन्हा गाडी कारागिरापाशीच येऊन थांबते. ऑक्टोबर २०२०मध्ये वायू भरलेल्या तयार यंत्रांच्या आयातीवर बंदी आली, एप्रिल २०२१मध्ये वातानुकूलन यंत्रे व एलईडी यांच्या सुट्या भागांसाठी ६,२३८ कोटींची उत्पादन प्रोत्साहन योजना मंजूर झाली. यंत्राचे हृदय असलेल्या कॉम्प्रेसरसाठी आपण वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणावर चीनकडे पाहत आलो, ते यातून सुटेल तेव्हा सुटेल. नुसता पत्र्याचा सांगाडा येथे वाकवून त्यावर देशी नाव चिकटवणे याला स्वदेशी म्हणण्याची घाई मला तरी करवत नाही.

असो. नवे यंत्र आता तिसऱ्या उन्हाळ्याला सामोरे गेले आहे. त्यात आर-३२ वायू आहे. तो आर-२२पेक्षा बराच सौम्य, ६७५ पटींचा. बसवताना मी गच्चीवर उभा राहून नळीचे सांधे साबणाच्या फेसाने तपासून घेतले. कारागीर हसला, पण त्याने एक सांधा पुन्हा आवळला.

जुन्या यंत्राचे काय झाले, हे विचारायला मी काही महिन्यांनी दुकानात गेलो होतो. भंगारात गेले असेल अशी माझी समजूत. मालकाने वही उघडून पाहिली आणि कौतुकाने सांगितले, “छान चालते आहे की सर. नवा गॅस भरून दिला.” शहरातील एका वसतिगृहाच्या शेवटच्या मजल्यावर ते लावले आहे. तेथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले राहतात आणि विजेचे पैसे युनिटप्रमाणे वाटून घेतात.